क्षीरसागर टुरिस्ट

गाडीच्या मागच्या काचेवर पिवळ्या रंगात तेवढंच लिहिलंय.
सोलापूर स्टेशनाबाहेर हर्णैच्या चोगले काकांनी ते वाचलं
आणि हसले, "नाव मोठं घेतलंस, बाबा."
घेतलेलं नाही, म्हटलं, आलेलं आहे. आडनाव.
समुद्र आमच्या जिल्ह्यात नाही.
विहिरी आहेत, तळी आहेत, मार्चनंतर टँकर आहे.

काकूंच्या मांडीवर डबा. सुके सोडे, कांद्यावर परतलेले.
देवीच्या वाटेवर उघडायचा नाही
म्हणून झाकण दोन्ही हातांनी दाबून बसलेल्या,
तरी गाडीभर तो वास,
ओल्या दोरखंडासारखा.

नळदुर्गला भादव्यातलं पाणी होतं.
बोरी नदीला भिंत घातली, भिंतीच्या पोटात महाल,
महालाला खिडकी,
आणि खिडकीसमोरून नदी उडी टाकते, दोन ठिकाणी.
एक नर, एक मादी.
कोणता कोण, ते मी गिऱ्हाईक बघून सांगतो.
काका कठड्याला टेकले ते दहा मिनिटं गप्प.
मग म्हणाले, "झकास आहे. पण हे पडतं.
आमचं येतं."
येऊन?
"जातं."
आणि?
"येतं, दुसरं काय."
उपल्या बुरुजावर चढताना मी पायऱ्या मोजायला विसरलो,
दर खेपेला मोजून दाखवतो.

तुळजापुरात दगडी पायऱ्यांवर आराधिणी बसलेल्या,
गळ्यात कवड्यांच्या माळा.
माझी आईसुद्धा आराधी.
तिची माळ खुंटीवर वाजायची वाऱ्यानं,
आणि बारा वर्षांचा होईपर्यंत मला वाटायचं
कवड्या कुठंतरी कर्नाटकाकडं पिकतात,
हुलग्यासारख्या,
बाया पदरात गोळा करून आणतात.
काकूंनी एका म्हातारीच्या गळ्यातली कवडी
बोटानं उलटी केली, तिच्या दातांवरनं नख फिरवलं.
"आमच्या वाळूत अशी नाही मिळत. लांबची आहे.
हिच्या आत एक जीव राहायचा, आजी."
म्हातारीनं हळदीचं बोट तिच्या कपाळाला लावलं.
"अजून ऱ्हातोय की."

तेरला पोचलो तर वस्तुसंग्रहालय बंद व्हायला अर्धा तास.
पहारेकरी शेंगा सोलत होता, त्यानं मानेनंच आत घातलं.
मातीची खेळणी, मणी, फुटके रांजण.
काका भराभर पुढं गेले.
काकू एका काचेला कपाळ टेकून उभ्या:
शंखाची बांगडी, अर्धीच,
पिकलेल्या नखाच्या रंगाची.
आपल्या मनगटाशी धरून त्यांनी माप घेतलं, काचेबाहेरून.
"बारीक हाताची होती."
इथनं गाड्या बंदराकडं जायच्या, मी पाठ केलेलं बोललो,
दोन हजार वर्षं झाली.
"मग येताना रिकाम्या कशाला येतील,"
काकू म्हणाल्या, माझ्याकडं न बघता.

रात्री धाराशिवच्या अलीकडं, ढाब्यावर, डबा उघडला.
ढाबेवाल्याला भाकरी तेवढी मागितली.
पहिल्या घासाला मीठच लागलं, दुसऱ्याला गोडी.
मग मी विचारलं ते, जे सकाळपासनं विचारायचं होतं.
रात्री थांबतो का?
"कोण?"
तो. समुद्र.
काका हसायला लागले. काकू नाही हसल्या.
"लग्न होऊन आले तेव्हा महिनाभर झोप नव्हती, एवढा आवाज.
आता कालपासून इथे नाही.
रात्री तीनला उठून बसले,
म्हटलं, बंद का पडलं?"

त्यांना सोलापूरला सोडलं.
पेढ्यांचा पुडा त्यांनी घेतला, सुट्टे पैसे घेतले नाहीत.
मी चार दिवस काचा वर करून गाडी चालवली, घाम गाळत.
औशाच्या एका गिऱ्हाइकानं नाकाला रुमाल लावला,
"वास कसला हो हा?"

आडनावाचा, म्हटलं.